मैत्रीची दुसरी वाट

भन्ते रेवत दोन्ही वेळा सारखेच बसले होते. मांडी घातलेली, डोळे मिटलेले. तरी पडद्यावर त्यांच्या मेंदूची दोन अगदी वेगळी चित्रं उमटली होती.

"आजोबा, ते तर हललेसुद्धा नाहीत. मग असं कसं?" बारा वर्षांच्या उत्पलानं विचारलं.

साल २०४७. उत्पलाचे आजोबा, डॉ. गणवीर, नागपूरच्या एका संशोधन केंद्रात मेंदूचा अभ्यास करत. भन्ते त्यांचे थोरले भाऊ. पण चीवर घेऊन बौद्ध भिक्खू झाल्यापासून आजोबाही त्यांना भन्तेच म्हणत. भन्तेंच्या मेंदूत गाठ झाली होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती.

"आधी त्यांनी आनापान केलं," आजोबा म्हणाले. "म्हणजे नुसत्या श्वासाकडे लक्ष. मन भटकलं की परत आणायचं. तेव्हा कपाळामागचे, लक्ष सांभाळणारे भाग कामाला लागतात. आणि भटकंतीचं जाळं (आपण रिकामे असताना आठवणी नि बेत घोळवणारे भाग) शांत होतं. नंतर त्यांनी मैत्रीभावना केली; सगळ्यांचं भलं चिंतलं. आता हा इन्सुला (मेंदूच्या घडीत खोल दडलेला भाग) बघ. दुसऱ्याचं दुःख जाणवतं तेव्हा तो उजळतो."

"आणि गाठ कुठे आहे?"

आजोबांनी पडद्यावरच्या इन्सुलावर बोट टेकवलं. "तिथेच."

उत्पला भन्तेंजवळ गेली. "उद्यानंतर तुम्हाला आमच्याबद्दल काही वाटणार नाही का?"

"माहीत नाही," भन्ते म्हणाले. "म्हणून आज जरा जास्त वेळ बसलो."

शस्त्रक्रिया पार पडली. पंधरा दिवसांनी आजोबांनी पुन्हा चित्रं घेतली. श्वासाचं पूर्वीसारखंच होतं. मैत्रीभावनेचं मात्र फिकट.

"शब्द म्हणतो, पण आत काही हलत नाही," भन्ते म्हणाले. आजोबांनी तोंड फिरवलं.

"मग रोज थोडं करू," उत्पला म्हणाली. "मीही बसते."

ती रोज शाळेआधी येऊ लागली. कधी भन्ते मध्येच थकत, कधी तीच कंटाळे. चौथ्या महिन्यात, चित्र घेणं चालू असताना, पलीकडच्या खोलीत एक मूल रडू लागलं. पडद्यावर, शस्त्रक्रियेच्या जागेशेजारी आणि मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्या भागातही, हळूहळू उजेड पसरला.

"मैत्री एका जागी राहत नाही," आजोबा पडद्याजवळ सरकत म्हणाले. "बरेच भाग मिळून ती घडवतात. एक वाट तुटली तर सरावानं मेंदू कधीकधी दुसरी पाडतो. याला मेंदूची लवचीकता म्हणतात. कोणाला, किती जमेल, ते अजून शोधायचंय. तुमच्या पिढीनं शोधायचंय."

भन्तेंनी डोळे उघडले.

"कोण रडतंय ते?" असं विचारत ते भिंतीच्या आधारानं उठू लागले.