बांगडीचं तिसरं करडू

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. जिच्या बाबतीत ती घडली, त्या माझ्या मालनमावशीचाही अजून धड विश्वास बसलेला नाही.

तारीख सांगते. ७ फेब्रुवारी २०२३, मंगळवार. जागा चिंचपोकळी. वेळ दुपारी पावणेतीन.

हो, दुपारी. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र आणि पिंपळाचं झाड लागतं. इथे त्यातलं काहीच नाही. लख्ख ऊन होतं आणि शेजारच्या टॉवरमध्ये कुणाच्या तरी घरी ड्रिल मशीन चालू होतं.

तरीही हे लिहायला बसताना मी खोलीचं दार आतून लावून घेतलंय.

मालनमावशी माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. तिची चाळ रेल्वेच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे. चाळ आणि भिंत यांच्यामध्ये दहा-बारा फुटांची मोकळी पट्टी आहे. मावशीच्या सासूबाई मालवणकडच्या. जनावराशिवाय त्यांना करमेना, म्हणून त्यांनी त्या पट्टीत दोन शेळ्या बांधल्या होत्या. सासूबाई गेल्या, शेळ्या राहिल्या. दोनाच्या पाच झाल्या. आम्ही भाचरं त्या पत्र्याच्या गोठ्याला ‘मावशीचं फार्महाऊस’ म्हणून चिडवायचो.

डेंग्यूच्या दिवसांत मात्र चिडवणारेच पहाटे बाटली घेऊन शेळीच्या दुधासाठी दारात उभे असायचे.

पाचांत मावशीची लाडकी बांगडी. काळी कुळकुळीत, पुढच्या एका पायात पांढरं कडं, म्हणून बांगडी. गणपतीत ती माजावर आली, तेव्हा मावशीने ऐन गर्दीतून, ढोल-ताशे चुकवत, तिला भायखळ्याला बोकडाकडे चालवत नेलं होतं. तिथून पाच महिने मोजायचे. म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी नूपुरची तारीख होती.

नूपुर मावशीची एकुलती एक लेक. लग्नाला सात वर्षं झाली, तेव्हा कुठे दिवस राहिले होते. बाळंतपणाला माहेरी आली होती. मावशीचा जीव त्या पोटावर टांगलेला. घरात गाभण शेळी आणि पोटुशी लेक एकदम म्हणजे शकुन चांगला, असं ती येईल-जाईल त्याला सांगत सुटली होती.

आता त्या दिवशीचं.

शेजारच्या टॉवरचे सेक्रेटरी हितेंद्र. शेळ्यांच्या वासाबद्दल आणि ओरडण्याबद्दल त्यांच्या तीन तक्रारी झाल्या होत्या. त्या दिवशी दुपारी तीन वाजता ते पालिकेचा माणूस घेऊन येणार होते.

“मावशी, एक आवाज आला ना, तर सगळी जनावरं गाडीत घालायला लावीन. मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही,” असं ते सकाळीच सुनावून गेले होते.

आणि बांगडीने नेमकी तीच वेळ धरली.

दोन वाजता कळा सुरू झाल्या. काका मिरची कांडपावर लालबागला गेलेले. नूपुर वर खोलीत झोपलेली. मावशी एकटी. पण तिला काय, अशी चाळीस वेतं तिने हातावर काढलेली.

पहिलं करडू आलं. नर. दुसरं आलं. पाट, म्हणजे मादी. दोन्ही शिंकली, डोकी हलवली. बांगडी त्यांना चाटायला लागली.

आणि मग… तिसरं आलं.

ओल्या फडक्यासारखं मावशीच्या हातात पडलं. हललं नाही. श्वास नाही.

असं करडू आलं की काय करायचं, हे मावशीला पाठ होतं. नाकातोंडातला चिकटा पुसायचा, मागचे पाय धरून उलटं झुलवायचं, छाती चोळायची. या युक्तीने तिने आधी तीन करडं वाचवली होती.

आणि तरीही करडू गेलंच, तर सासूबाईंचा नियम होता.

“तिका बघूंक दी गो. ती आपणहून तोंड फिरवता तवसर मेलेल्या पोराक हात लावू नको.”

आईला मेलेलं पिल्लू हुंगू द्यायचं, चाटू द्यायचं. ते गेलंय हे तिचं तिला कळतं. मग ती स्वतःच तोंड फिरवते आणि विषय संपतो. आधीच उचललंत, तर ती शोधत राहते. हाका मारत राहते.

हाका मारत राहते… आणि मावशीच्या डोक्यात तेवढंच बसलं. तीन वाजता हितेंद्र येणार. बांगडी पिल्लू हुंगून ओरडायला लागली तर?

गल्लीत कचऱ्याची गाडी लागली होती.

बांगडी पहिल्या दोघांना चाटत पाठमोरी होती. मावशीने तिसरं करडू काळ्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि गाडीत टाकून आली. दोन मिनिटांचं काम.

तिने झुलवून बघितलं नाही. छाती चोळली नाही. हे तिने काकांना सांगितलं नाही, नूपुरला तर नाहीच. ‘दोन झाली,’ एवढंच सगळ्यांना सांगितलं.

पालिकेचा माणूस आला, दोन करडं पाहून हसला, ‘गोठा साफ ठेवा’ म्हणून निघून गेला. बांगडीने हूं का चूं केलं नाही. मावशीला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला बांगडीने हाक मारली.

ओरडणं नव्हे. शेळी व्याल्यावर तोंड न उघडता घशातल्या घशात एक आवाज काढते. अगदी हळू. तो आवाज ती फक्त आपल्या करडाला ऐकवते, एरवी कुणालाच नाही.

मावशीने डोकावून पाहिलं. दोन्ही करडं कोपऱ्यात गोणपाटावर गाढ झोपली होती.

बांगडी भिंतीकडे बघत होती… आणि बोलावत होती.

मग तिने मागचे पाय फाकवले, कंबर किंचित खाली घेतली आणि स्तब्ध उभी राहिली. करडू प्यायला लागलं की शेळी उभी राहते, तशी.

कासेखाली काहीच नव्हतं.

मावशी म्हणते, “मी समजले, दूध तटलं असेल म्हणून तशी उभी राहिली. गेले काढायला.”

कास रिकामी होती. लोंबत होती. आणि सड ओले होते…

रोज हेच. दुपारी पावणेतीन. करडं झोपलेली, बांगडी भिंतीकडे बोलावतेय, पाय फाकवून उभी, आणि पाच मिनिटांत कास रिकामी. दोन्ही करडं आठवड्यात वाळायला लागली. मावशीने परळहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर धम्मपाल शांत माणूस. त्यांनी कास दाबून पाहिली.

“कास एकदम निरोगी आहे, मावशी. कोणीतरी पितंय हिला.”

“कोण पिणार, डॉक्टर? बाकीच्या चौघी अजून व्यायच्या आहेत.”

“मग कासेला पिशवी बांधा. कळेल.”

करडांनी वेळीअवेळी पिऊ नये म्हणून कासेला कापडी पिशवी बांधतात. मावशीने जाड मांजरपाटाची पिशवी शिवली. पाठीवरून नाड्या घेऊन दुहेरी गाठी मारल्या. आणि दुपारी अडीचला गोठ्यात स्टूल टाकून बसली.

पावणेतीन वाजले.

बांगडी उठली. भिंतीकडे वळली. घशात तो आवाज…

दुसऱ्या कोपऱ्यातल्या चारही शेळ्यांनी एकदम रवंथ थांबवलं. चौघीही एका जागी बघत होत्या. बांगडीच्या पोटाखाली.

पिशवी हळूहळू चपटी होत गेली. गाठी जागच्या जागी. कापड बाहेरून कोरडं ठणठणीत.

मावशीला घाम फुटला. पण हात तिचा आणि शेळी तिची. काय ते एकदाचं बघावं म्हणून तिने बांगडीच्या पोटाखाली हात घातला.

हवा. नुसती हवा.

आणि मग तिच्या तळहाताला… ढुशी लागली.

करडू पिताना दूध उतरावं म्हणून कासेला डोक्याने ढुशी मारतं ना, तशी. छोटीशी. हाडं कोवळी. आणि थंड. त्यापाठोपाठ दोन बोटांना ओलसर, खरबरीत काहीतरी लागलं.

तिची बोटं चोखली जात होती.

मावशी स्टुलासकट मागे पडली. किंकाळी ऐकून काका धावत आले, तेव्हा बांगडी शांतपणे पाला खात होती. मावशी गोठ्याच्या दाराशी बसून एकच वाक्य बोलत होती. “माझ्या हातावर आलं होतं ते. माझ्या हातावर.”

काकांनी आणखी काही विचारलं नाही. नूपुरच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळं दाबलं. दोन दिवसांत टेम्पो बोलावून बांगडीला करडांसकट पेणला आपल्या चुलतभावाकडे पाठवून दिलं.

बांगडी टेम्पोत चढली. एकदाही मागे वळली नाही. पेणला करडं मजेत वाढायला लागली, दूधही भरपूर. तिथे कधीच काही झालं नाही.

मावशीला वाटलं, गेलं.

पण मला तुम्हीच सांगा. त्या करडाने आईला पाहिलं कधी होतं? तिच्या जिभेचा स्पर्श त्याला झाला नाही, तिचा वास मिळाला नाही. जन्मल्याबरोबर त्याला एकच वास मिळाला होता. मावशीच्या हातांचा.

ते बांगडीबरोबर कशाला जाईल?

सत्तावीस फेब्रुवारीला नूपुर बाळंत झाली. मुलगा. साडेतीन किलो, गुबगुबीत. मावशी इतकी खूश की तिने हितेंद्रना सुद्धा पेढे दिले. बारसं झालं, नाव विहंग ठेवलं. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मावशीने दुपारी विहंगला अंघोळ घातली, अंग पुसलं, बाळंतशोपांची धुरी दिली आणि दुपट्यात गुंडाळून त्याला आतल्या खोलीकडे घेऊन निघाली. तो भुकेने मुठी चोखत होता.

दाराशी तिचे पाय थांबले.

आतून आवाज येत होता. तोंड न उघडता… घशातल्या घशात.

नूपुर दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडी घातलेली. पदर पुढे ओढलेला. एक हात बाळाचं डोकं सावरावं तसा वळवलेला.

मावशीने आपल्या हातातल्या विहंगकडे पाहिलं.

मग पुन्हा नूपुरकडे पाहिलं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

“नूपुर…” मावशीने दारातूनच हाक मारली. “बाय, काय करतेस?”

नूपुरने मान वळवली नाही. पदराखाली काहीतरी हललं. तिचं अंग एकदा मागे गेलं, कुणी ढुशी मारावी तसं, आणि ती कौतुकाने हसली.

मग अगदी हळू आवाजात म्हणाली,

“आई, ह्या वेळी उचलू नकोस हां.”

नूपुरला तिसऱ्या करडाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्या दुपारचंही तिला काही आठवत नाही. विचारलं तर म्हणते, मी झोपले होते.

मावशीने उचललं नाही. रडणाऱ्या विहंगला छातीशी धरून ती दारातच उभी राहिली. नूपुर आपणहून तोंड फिरवेपर्यंत.

मागच्या महिन्यात मी चिंचपोकळीला गेले होते. गोठा आता रिकामा आहे, शेळ्या सगळ्या दिल्या. नूपुरला सासरी नेलं होतं, पण तिथेही दुपार तशीच. महिनाभरात तिला परत इथे आणलं. मावशीशिवाय हे कुणाला सांभाळता येणार? विहंग दीड वर्षाचा झालाय, अजून चालत नाही. हातपाय काडीसारखे. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघत नाही. वरचं दूध, पेज, काहीच अंगी लागत नाही. आणि नूपुरला अजून पान्हा येतो. दिवसातून एकदाच.

मी बसले होते तेव्हा दुपारचे अडीच झाले. मावशी बोलता बोलता उठली. विहंगला कडेवर घेतलं आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मी विचारलं, “मावशी, अगं किती दिवस असं?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“आधी त्याचं होऊ दे,” ती म्हणाली. “मग ह्याला देते.”

विहंग रडत नव्हता. तो मावशीच्या खांद्यावरून खाली, तिच्या पायांपाशी बघत होता… आणि त्याची नजर हळूहळू सरकत आतल्या खोलीत गेली.

मी चहा अर्धा टाकून निघाले. तेव्हापासून तिकडे गेलेले नाही.