लाल दोरा, निळा दोरा

"माझा कागद वाईट ठरवला, त्येचं मला काय न्हाय," सिकंदर मणेर म्हणाला. "मला लबाड ठरवला. ते मला सोसत न्हाय, साहेब."

नृसिंह किणीकरांनी हातातील पुस्तक मिटले. कोल्हापुरात खासगी तपासाचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ अंगाने सडपातळ, बोलण्यात काटेकोर आणि वादाला सदैव सिद्ध होते. खिडकीपाशी त्यांचे स्नेही वसंतराव आजरेकर बसले होते. भूगोल शिकवून निवृत्त झालेले वसंतराव स्वभावाने भले होते; मात्र निष्कर्षापर्यंत ते नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मागून पोचत.

"सुरुवातीपासून सांगा," किणीकर म्हणाले.

सिकंदरचा धंदा बनियन, टी-शर्ट आणि खेळाडूंच्या जर्सी यांवर चित्रे उमटवण्याचा. चित्र आधी एका विशेष कागदावर छापायचे, तो कागद कापडावर पालथा ठेवायचा आणि तापलेल्या यंत्रात दाबायचा. चित्र कागद सोडून कापडाला धरते. ही पद्धत शहरात नवी होती आणि सारे यश कागदावर अवलंबून होते. कागद हलका असला तर पहिल्याच धुण्यात चित्राच्या खपल्या पडतात. सिकंदरने नाना ठिकाणचे कागद मागवले, छापले, कापड उकळले, घासले, आणि अखेर एक कागद निवडला.

"रणझुंजार तालमीच्या फुटबॉल संघाला नव्या जर्सी पायजे होत्या. छातीवर गदा. अध्यक्ष आण्णा सरनोबत म्हणाले, पुण्याचा एजंट चमन अत्तार दुसरा कागद घेऊन आलाय, दोन्हीची परीक्षा करू. मी म्हटलं, करा की."

दोन सारख्या पांढऱ्या जर्सी घेतल्या गेल्या. एकीवर सिकंदरच्या कागदाची गदा, दुसरीवर चमनच्या. दोन्ही सर्वांदेखत सिकंदरच्याच यंत्रात दाबल्या. ओळख पटावी म्हणून आण्णांच्या मातोश्री अक्कांनी खालच्या कडेला दोऱ्याची खूण घातली: सिकंदरच्या जर्सीला लाल, चमनच्या जर्सीला निळी. मग दोन्ही जर्सी झुंबरबाई परटिणीकडे सोड्याच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुण्यासाठी गेल्या.

"आणि लाल दोऱ्याच्या जर्सीवरची गदा गळून पडली," किणीकर म्हणाले.

"व्हय. निळ्या दोऱ्याची जशीच्या तशी. मला हातसुद्धा लावू दिला न्हाय. मॅचच्या मध्यंतरात आण्णांनी लाउडस्पीकरवरनं सांगितलं, मणेरनं हलका कागद दाखवून तालमीला फसवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पाटीवर डांबर. लोकांनी दिलेली कापडं परत नेली. ह्याच मैदानावर मी लाइनमन म्हणून उभा ऱ्हातो, साहेब. आता कुठल्या तोंडानं ऱ्हाऊ?"

किणीकर उठले. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. "चला, वसंतराव. ज्या परीक्षेत परीक्षार्थ्याला उत्तरपत्रिका दाखवत नाहीत, ती परीक्षा मला पाहायची आहे."

आण्णा सरनोबत दिवाणखान्यात सुपारी कातरत बसले होते. त्यांनी दोन्ही जर्सी समोर टाकल्या. "बघा की. डोळ्यानं दिसतंय त्याला तपास कसला?"

"आपण त्या उलटून पाहिल्या होत्या?"

"उलटून काय बघायचं? गदा वरच्या अंगाला हाय."

किणीकरांनी मात्र दोन्ही कडा उलटल्या. खराब झालेल्या जर्सीच्या कडेला लाल दोरा होता. लखलखीत, ताठ, आणि त्याचे टाके दोन्ही अंगांनी सारखे भरलेले. चांगल्या जर्सीच्या कडेला निळा दोरा होता. त्याचेही टाके तसेच. मात्र त्या निळ्या टाक्यांभोवती कापडावर फिकट तांबूस वलय होते.

आतल्या खोलीतून अक्का आल्या. नव्वदीकडे झुकलेल्या, परंतु आवाज खणखणीत.

"अक्का, खूण कशी घातलीत?"

"धावदोरा घातला, बाबा. वाकळंला घालतो तसा. एक टाका वर, एक खाली. निळा दोरा रिळाचा. लाल गावंना, तवा देवघरातल्या नाड्याचा घेतला. आन् त्याच जागी दोन्हीस्नी हळदीचं बोट लावलं. कोरं कापड हळदीबिगर घराभाईर धाडायचं नसतंय."

वसंतरावांचा चेहरा उजळला. रस्त्यावर येताच ते म्हणाले, "तो तांबूस डाग हळदीचाच. सोड्याचे पाणी लागले की हळद तांबडी होते."

"होते, आणि सोडा निघून गेला की पुन्हा पिवळी होते, आणि ऊन तिला खाऊन टाकते," किणीकर म्हणाले. "शिवाय हळद दोन्ही जर्सींना लावली होती. डाग एकीलाच आहे."

वसंतरावांचा चेहरा पूर्ववत झाला.

पंचगंगेच्या काठी झुंबरबाई दगडावर चादर आपटत होत्या. थांबल्या नाहीत, बोलल्या मात्र भरपूर.

"एक ह्या भट्टीत, एक त्या भट्टीत. एकीचं पाणी दुसरीला लागू दिलं न्हाय, त्या पुण्याच्या पावण्यानं बजावलंतं. एकीची गदा सोलून निघाली, दुसरीची हलली न्हाय. वाळवून तालमीत बंडूच्या हातात दिल्या."

"कोणत्या दोऱ्याची गदा निघाली?"

"मला काय ठावं? दोऱ्याकडं कोण बघतंय? लाल कुणाचा, निळा कुणाचा, मला कुणी सांगितलं न्हाय आन् मी इचारलं न्हाय. दोन्ही तालमीचीच धुणी. तुमी सरका जरा, शिंतोडं उडत्यात."

वसंतराव सरकण्यापूर्वीच भिजले.

तालमीच्या पडवीत चमन अत्तार पाहुणा म्हणून उतरला होता. तो बोलण्यात गोड होता. परंतु त्याच्या शर्टाच्या बाहीला बटणाऐवजी सेफ्टी पिन टोचलेली होती.

"बटण लावून घ्या की," किणीकर सहज म्हणाले.

"घरी गेल्यावर बेगम लावेल, जनाब. मी सुई धरली की आधी बोट शिवलं जातं." त्याने डाव्या हाताची पट्टी दाखवली. "काल प्रयत्न केला होता. कागदाचं म्हणाल तर आमचा माल चांगला निघाला, त्यात माझा काय दोष? खरं सांगू? मलाही एवढी आशा नव्हती."

त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला तालमीचा चिटणीस आणि संघाचा आघाडीचा खेळाडू बंडू निकम मांडी घालून बसला होता. मांडीत उसवलेला फुटबॉल होता. दोन हातांत दोन सुया. एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून. तो मान वर न करता बोलत होता.

"परटिणीनं आणून दिल्या, मी कपाटात ठेवल्या, किल्ली माझ्या करगोट्याला. सकाळी बैठकीत आण्णांसमोर उघडल्या. आण्णांनी त्याआधी बघितल्यासुद्धा न्हाईत."

"सिकंदर फसवेल असे तुम्हाला वाटले होते?"

"मला इचारता व्हय, पावणं?" बंडूने दोरा दातांनी तोडला. "त्यो बावटा वर करायला कवा मागंफुडं बघतोय? तसाच कागद लावताना बघितला नसंल."

किणीकरांनी त्या चेंडूची नवी शिवण निरखून पाहिली, आणि कौतुकाने मान हलवली. "हात बसलेला आहे तुमचा."

"तालमीतले सगळे चेंडू मीच शिवतो," बंडू म्हणाला.

त्याच संध्याकाळी सर्व मंडळी आण्णांच्या दिवाणखान्यात जमली. सिकंदर दारापाशी उभा होता. बसा म्हणून कुणी म्हटले नव्हते. किणीकरांनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली, आणि मगच बोलावयास आरंभ केला.

"अक्का, देवघरातला नाडा आणा."

नाडा आला. किणीकरांनी सोड्याचे कढत पाणी मागवले, पांढऱ्या रुमालाला नाड्याचा एक टाका घातला आणि रुमाल पाण्यात बुडवला. बाहेर काढला तेव्हा टाक्याभोवती तांबूस वलय उमटले होते.

"नाड्याचा रंग कच्चा असतो. अक्कांनी नाड्याने खूण घातली ती सिकंदरच्या जर्सीवर. तेव्हा धुतल्यावर वलय कोणत्या जर्सीवर उमटावयास हवे? सिकंदरच्या. आता पाहा." त्यांनी चांगली जर्सी उलटली. "वलय आहे ते या जर्सीवर, निळ्या दोऱ्याखाली. आणि या दुसऱ्या जर्सीवरचा लाल दोरा सोड्याच्या भट्टीतून निघाला म्हणता, तरी तो जराही विटलेला नाही, आणि कापडावर त्याचा लवलेश उतरलेला नाही. अर्थ एकच. धुणे झाल्यानंतर कुणीतरी दोन्ही दोरे उसवले आणि नवे दोरे आलटून पालटून घातले. जी गदा टिकली ती सिकंदरच्या कागदाची. जी गळली ती चमन यांच्या."

चमनने बाहीची पिन चाचपली.

"मग परटीण," वसंतराव म्हणाले.

"झुंबरबाईंना कोणता दोरा कुणाचा हेच ठाऊक नव्हते. ज्याला पाने ओळखता येत नाहीत, तो पत्ते हवे तसे कसे लावणार? चमन यांना लाभ होता. परंतु ज्यांना एक बटण लावताना बोट बांधावे लागते, त्यांच्या हातून असे टाके पडणार नाहीत. आण्णांनी जर्सी पाहिल्या त्या बैठकीतच. उरतो तो टाका. अक्कांचा धावदोरा एक वर, एक खाली. त्यात मोकळी जागा सुटते. हे टाके दोन्ही अंगांनी भरलेले आहेत. दोन सुया, एक भोक. अशी शिवण कापडाला कुणी घालत नाही. ती चामड्याची शिवण आहे, चेंडूची. माणूस खूण बदलू शकतो, हाताची सवय बदलणे त्याला सुचत नाही. किल्ली कुणाच्या करगोट्याला होती, बंडूराव?"

बंडूने करगोट्याची किल्ली सोडून आण्णांपुढे ठेवली.

"फायनलला बावटा वर केलता त्यानं," तो अखेर म्हणाला. "गोल झालाता. आख्ख्या पेठेनं बघितलंय. मी ऑफसाइड नव्हतो."

"होतास," सिकंदर शांतपणे म्हणाला. "आजबी तेच सांगतो."

आण्णांनी घसा साफ केला. "बरं, झालं ते झालं. पोरकटपणा केला बंडूनं. घरातलं घरात मिटवू. जर्सीचं काम सिकंदरलाच देऊ. आणि काय पायजे?"

आता किणीकरांचा आवाज चढला.

"आण्णासाहेब, बंडूचा अपराध मला समजतो, त्याच्या मुळाशी द्वेष आहे. आपला मला समजत नाही. कापडाची कड बोटभर उलटण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत, आणि एका माणसाची अब्रू मात्र उलटीपालटी केलीत. ज्याचा न्याय करावयाचा त्याला पुराव्याला हात लावू दिला नाहीत. आणि आता म्हणता, घरातल्या घरात. आरोप गावाच्या कानात ओतलात, आणि माफी एका खोलीत मागता? हा कोणता न्याय? आपण याला अध्यक्षपद म्हणता, मी याला आळस म्हणतो."

"जपून बोला, किणीकर. सरनोबतांच्या घरात बसलाय तुम्ही."

"आण्णा," अक्का म्हणाल्या. त्यांनी तो रुमाल हातात घेतला होता आणि वलयावरून बोट फिरवीत होत्या. "देवाच्या नाड्याची खूण व्हती ती. तिच्यावरनं खोटं झालंय आपल्या हातनं. रविवारी मैदानात जा, आन् जसं बोललास तसं परत बोल. न्हाईतर मी येती आन् बोलती."

रविवारी आण्णा बोलले. मोजके, रुक्ष, परंतु स्पष्ट: मणेर यांचा कागद उत्तम ठरला, लबाडी तालमीच्या माणसाने केली, आणि अध्यक्षाने न पाहता निकाल दिला. मग पहिली टाळी पडली ती विरोधी पेठेच्या बाजूने, आणि ती काही केवळ न्यायप्रेमाची नव्हती.

"झाले, न्याय मिळाला," वसंतराव समाधानाने म्हणाले.

"उशिरा आणि सुईच्या टोकावर," किणीकर म्हणाले. त्यांचा राग उतरलेला नव्हता.

आण्णा व्यासपीठावरून उतरून थेट सिकंदरपाशी आले. मनावरचे ओझे एकदाचे खाली टाकल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "बोललो बाबा. आता जर्सी कधी देतोस?"

"मी देत न्हाय, आण्णा."

"देत न्हाय? मग छापणार कोण?"

"चमनभाई हाईत की," सिकंदर म्हणाला. "त्येंचा कागद तर तुमी त्या दिवशी समद्या गावासमोर पसंत केलता."

त्याने लाइनमनचा बावटा उचलला आणि तो आपल्या जागेकडे चालू लागला.

आण्णांनी वळून चमनकडे पाहिले. चमन बुटाची नाडी बांधण्यासाठी खाली वाकला होता. त्याच्या पायांत चपला होत्या.