बिस्किटाची मिसेस क्विन

"हा प्रयोग संपला की मी रंगमंचावरच झोपणार," बार्नबी म्हणाला.

"फळ्यांवर झोप. गालिचा सकाळीच गाडीत गेला," हेस्टर म्हणाली.

उन्हाळ्यातला शेवटचा प्रयोग चालू होता. आई त्या छोट्या नाट्यगृहातले कपडे-दागिने सांभाळायची, म्हणून सुट्टीभर ही भावंडंही पडद्यामागे राबत होती. आता तर भांडायचंही त्राण नव्हतं.

दारापाशी, उन्हातल्या काचपेटीत मिसेस क्विनचं बिस्किटाएवढं चित्र होतं. अडीचशे वर्षांपूर्वीची ही नटी इथेच गाजली होती. हेस्टर थबकली.

"हिच्या गालांचा रंग उडालाय."

"दमली असेल तीपण."

"अरे, मीनाकारी आहे ती. काचेची पूड भट्टीत भाजून केलेली. आई म्हणते, उन्हानं ती फिकी पडत नाही. आपटली तर मात्र तडकते."

बार्नबीची जांभई अर्ध्यावर राहिली. "म्हणजे ही आईनं नाटकासाठी पुठ्ठ्यावर रंगवलेली नक्कल? आणि खलनायक नायिकेच्या गळ्यातून ओढून रोज फेकतो, ती खरी?"

"रोज गालिच्यावर पडायची म्हणून वाचली. आज खाली नुसत्या फळ्या आहेत."

दोघं धावत व्यवस्थापक ट्रेगिअरसाहेबांकडे गेली. ते आरामखुर्चीत पेंगत होते.

"जाहिरातीच्या फोटोसाठी मीच ती बाहेर काढली, मीच परत ठेवली," ते डोळे न उघडता म्हणाले. "मला शिकवू नका. आणि दागिना फुटला तर जबाबदारी तुमच्या आईची. पुढच्या वर्षी दुसरी बाई ठेवीन."

काचपेटीची किल्ली त्यांच्याच खिशात होती. मुलं पडद्यामागे पळाली. आई नायिकेला शेवटच्या प्रवेशाचा झगा चढवत होती. हेस्टरनं कानात सगळं सांगताच आईच्या तोंडातली टाचणी खाली पडली. तिनं नायिकेच्या गळ्यातल्या फितीतून चित्र सोडवून मुठीत घेतलं.

"पण गळा मोकळा कसा ठेवायचा? खलनायक मग ओढणार तरी काय?" आई म्हणाली.

बार्नबीनं खिशातून चहाच्या वेळचं आल्याचं बिस्किट काढलं. सुईनं हळूच भोक पाडून त्यात फीत ओवली.

"माझ्या गळ्यात काहीही बांधा," नायिका म्हणाली, "फक्त दोन मिनिटं बसू द्या."

खलनायकानं फीत ओढली आणि भिरकावून दिली. फळ्यांवर टक्कन आवाज होऊन तुकडे उडाले. प्रेक्षागृह हळहळलं.

त्या आवाजानं ट्रेगिअरसाहेब खडबडून जागे झाले. पडदा पडताच रंगमंचावर येऊन गुडघ्यांवर बसले. एक तुकडा त्यांनी उचलला, मग हुंगला.

"आलं?"

आईनं मूठ उघडली. मिसेस क्विन टवटवीत गुलाबी गालांनी त्यांच्याकडे बघत होती.

"चूक माझी होती," साहेब म्हणाले. "बाई, पुढच्या वर्षीही तुम्हीच या. आणि या दोघांनाही आणा. तुमचीच नजर घेतलीय पोरांनी."

साहेब चित्र घेऊन गेल्यावर आई झग्यांच्या ढिगाऱ्यावर बसली. बार्नबी तिला टेकला.

"आई, माझं बिस्किट गेलं."

सकाळपासून बशीत तसंच राहिलेलं स्वतःचं बिस्किट आईनं पुढे केलं. तोवर बार्नबीला झोप लागली होती.