ज्यांना भेटायला कुणी येत नव्हतं

सुमैरा पठाणनं खुर्चीत बसण्याआधी हातातलं पत्र टेबलावर ठेवलं. घडी इतक्यांदा उघडमिट झाली होती की कागद मधोमध फाटायला आला होता.

"ताई, मी दिवसातून पन्नास वेळा हात धुते," ती म्हणाली. "कातडी निघायची वेळ आलीय. आणि हे म्हणतात, जंतू माझ्याच हातांनी आला."

स्नेहल गाडेकरनं पत्र उचललं. नगरच्या सावेडीतल्या दोन खोल्यांत ती खाजगी तपासाचं काम करायची. त्याआधी दहा वर्षं ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. कोपऱ्यात बसलेले अंगद कोतकर निवृत्त हवालदार. ते तिची गाडी चालवायचे, चहा करायचे आणि स्वतःच्या मते निम्मा तपासही करायचे.

पत्र नगरमधल्याच एका खाजगी रुग्णालयाचं होतं. सहा कॉटांचा आयसीयू. तीन आठवड्यांत तीन पेशंटना एकच जंतू लागला आणि त्याच्यावर एक सोडून कुठलंही अँटिबायोटिक चालेना. सिस्टर सुमैरा यायच्या आधी वर्षभरात असा एकही पेशंट नव्हता. गुरुवारी चार वाजता खुलासा करा, नाहीतर कामावरून कमी करून नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार जाईल.

"महिन्यापूर्वी पुण्याहून आले," सुमैरा म्हणाली. "अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पुण्यात असले जंतू फार, म्हणून ते मीच आणले म्हणतात. तक्रार गेली तर मला कुणी दारात उभं करणार नाही. अब्बा टेलर आहेत, माझा पहिला युनिफॉर्म त्यांनीच शिवला होता. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही."

"पेशंट कसे आहेत?"

"दोघं वाचले. चार नंबरचे छगनराव अजून व्हेंटिलेटरवर आहेत."

वार सोमवार होता. स्नेहलनं घड्याळाकडे पाहिलं आणि अंगदनी न सांगता गाडीची किल्ली उचलली.

आयसीयूचे प्रमुख डॉक्टर आदिनाथ शेळके वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, आणि थकलेल्या माणसाला सोपं उत्तर लवकर पटतं.

"सिस्टर कामाला चोख आहे, मान्य," ते म्हणाले. "पण ती आली आणि हे सुरू झालं. आम्ही सगळं तपासलं. व्हेंटिलेटर, नळ्या, कॉट, बेसिन. माणसांचे हातही तपासले."

"कुणाकुणाचे?"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या ड्युटी चार्टकडे बोट दाखवलं. त्यावर चार डॉक्टर आणि आठ सिस्टर होत्या. "यातल्या प्रत्येकाचे. सुमैराचेसुद्धा. कुणाच्याच हातावर काही सापडलं नाही."

"मग तिला पत्र का?"

"तिघांच्या नातेवाइकांना मला काहीतरी सांगावं लागेल ना," डॉक्टर खाली बघून म्हणाले.

जिना उतरताना अंगदनी आपला निकाल जाहीर केला. "ताई, औषधच बोगस. इंजेक्शनमध्ये नुसतं पाणी. औषध लागू पडत नाही म्हटल्यावर दुसरं काय असणार?"

खाली मेडिकल दुकानात ओंकार नावाचा तरुण बसला होता. अंगदनी जुन्या हवालदारी आवाजात विचारताच तो गांगरला, पण बोलला सरळ. "काका, त्याच बॅचचं इंजेक्शन जनरल वॉर्डातल्या पूजाताईंना दिलं. तिसऱ्या दिवशी चालत घरी गेल्या. ही त्यांची फाईल."

"औषध खरं आहे," स्नेहल म्हणाली. "जंतू निर्ढावलाय. तुमच्याकडं एखादा चोर असायचा ना, चार वेळा मार खाऊन पाचव्यांदा हसणारा? तसा."

अंगदना उपमा पटली, संशय मात्र हातातून गेला. त्यांनी लगेच दुसरा धरला. "मग भेटायला येणारे! गावाकडून माणसं येतात, कुठकुठले हात लावतात."

आयसीयूच्या दाराशी भेटीची वही होती. स्नेहलनं तीन आठवड्यांची पानं चाळली. दोन, तीन आणि पाच नंबरच्या कॉटांपुढं सकाळ-संध्याकाळ मुली, सुना, बहिणींच्या सह्या होत्या. एक, चार आणि सहा नंबरपुढं जवळजवळ काहीच नव्हतं. एक नंबरच्या पेशंटची मुलगी परदेशात, सहा नंबरच्या आजींचा मुलगा लांबच्या ट्रकवर, आणि छगनरावांची बायको साळूबाई मांडीचं हाड मोडून घरात पडलेली.

"जंतू लागला तो एक, चार आणि सहालाच," अंगद हिरमुसून म्हणाले. "म्हणजे भेटायला येणारेही सुटले."

"हे मात्र लिहून ठेवा, काका."

सुमैरानं दोघांना गाऊन, टोपी दिली. "भेटायला येणारे आत काय करतात?" स्नेहलनं विचारलं.

"पाचच मिनिटं असतात. मी हात धुवायला लावते. मग बोलतात, कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करतात. पेशंटला पाणी पाजता येत नाही, निदान तेवढं तरी समाधान."

"पाणी कुठलं?"

"ज्याच्या त्याच्या बाटलीतलं." तिनं सीलबंद अर्ध्या लिटरची बाटली दाखवली. "हे निर्जंतुक पाणी. ऑक्सिजन ओला करायला लागतं. रोज सकाळी प्रत्येकाला नवी बाटली फोडायची, संध्याकाळी उरलेलं टाकायचं. निम्मं तरी उरतंच. आधी एकच बाटली तीन-तीन दिवस चालायची. आल्याआल्या हा नियम मीच केला."

"आणि उरलेलं टाकतं कोण?"

"झुंबरमावशी नेतात. दारातल्या तुळशीला घालत असतील."

झुंबरबाई मागच्या धुण्याच्या खोलीत भांडी घासत होती. साठीची, काटक, कासोटा घातलेली बाई. अंगदनी बेसिनचा नळ मोठा सोडला, तसा तिनं मागून हात घालून तो निम्मा बंद केला.

"दादा, एवढं पानी कशाला सोडता? जामखेडच्या अंगाला आमची वाडी हाय. टँकरची वाट बघत जल्म गेला. हंडाभर पान्यात चार मानसांची आंगूळ व्हायची."

अंगद ओशाळले. फळीवर कडीचा एक स्टीलचा डबा होता, भोवती ओलं फडकं गुंडाळलेला. आत ताक असणार असं त्यांना वाटलं आणि जेवायची वेळ टळल्याची आठवण झाली.

"चार नंबरचे छगनराव तुमच्या ओळखीचे का, मावशी?" स्नेहलनं विचारलं.

"वळख कसली? पर त्यांची बायकू घरी पडलीया, लेकरू न्हाई. मानसाशी कुनी बोलाया नको का? मी आपली सांगते, आज वारं लई हाय, कांद्याला भाव बरा हाय. आयकत्यात ते. डोळं मिटलं म्हून काय कान मिटत न्हाईत."

बाहेर पडताना अंगद दारातल्या कुंडीपाशी थांबले. तुळशीच्या काटक्या उरल्या होत्या. हात लावताच उरल्यासुरल्या पानांचा चुरा झाला. "बघा ताई, एवढं मोठं हॉस्पिटल आणि तुळस वाळून चाललीय. कुणाचं लक्ष नाही."

स्नेहलचा पाय पायरीवरच थांबला. "सहा बाटल्या, निम्मं उरलेलं. रोज दीड लिटर पाणी," ती स्वतःशीच म्हणाली. "काका, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?"

आपण काय केलं ते अंगदना कळलं नाही, पण कौतुक झालं हे कळलं. स्नेहल पुन्हा आत गेली, सुमैराकडून नमुन्याची निर्जंतुक बाटली मागून घेतली आणि मागच्या खोलीत गेली. जाताना डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "आत्तापासून पेशंटच्या तोंडाजवळ जाईल ती प्रत्येक वस्तू सीलबंद. आणि मागच्या खोलीला गुरुवारपर्यंत कुलूप. कारण गुरुवारी सांगते."

गुरुवारी चारच्या ठोक्याला डॉक्टरांच्या केबिनमध्ये सगळे जमले. सुमैराचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते. स्नेहलनं एक लिफाफा टेबलावर ठेवला.

"झुंबरमावशींनाही बोलवा."

"मावशींना?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "त्यांचं मीटिंगमध्ये काय काम?"

"तुम्ही तपासणी केलीत तेव्हाही असंच वाटलं असणार. चार्टवर ज्यांची नावं, त्यांचे हात तपासलेत. मावशी त्या चार्टवर नाहीतच."

झुंबरबाई आली आणि दाराशीच उभी राहिली. स्नेहलनं स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"सुमैरा आली आणि जंतू सुरू झाला, हे खरं," स्नेहल बोलू लागली. "पण तिच्याबरोबर या आयसीयूत आणखी एक गोष्ट आली, नियम. रोज बाटली फोडा, उरलेलं टाका. नियम उत्तम, पण त्यामुळं रोज दीड लिटर चांगलं दिसणारं पाणी टाकायची वेळ आली. ते तुळशीला जातं असं सगळे धरून चालले होते. काकांनी मला वाळलेली तुळस दाखवली. मग पाणी जातं कुठं?"

अंगद खुर्चीत ताठ बसले.

"भेटीची वही उलटी वाचावी लागली. नातेवाइकांनी जंतू आणला असता तर त्यांच्याच पेशंटना लागला असता. इथं ज्यांना भेटायला कुणी येत नव्हतं, त्यांनाच जंतूनं गाठलं. ज्यांचे नातेवाईक येत, त्यांचे ओठ ते ताज्या बाटलीतल्या पाण्यानं ओले करत. बाकी तिघांचे ओठ कोण ओले करत होतं?"

झुंबरबाई हळूच म्हणाली, "म्या. कोरडं पडलं हुतं ओठ. बघवंना."

"कुठल्या पाण्यानं, मावशी?"

"उरल्यालं, डब्यातलं. नवी बाटली फोडायची म्हंजी महागाचं पानी, आन हे तर सोच्छच हुतं. रोज त्यातच वतायची. झाकून, ओलं फडकं बांधून ठेवायची. पानी वतून दिऊ व्हय? पाप हाय ते."

अंगदना तो डबा आठवला, आणि ताक मागायचा मोह आवरला याबद्दल त्यांनी मनोमन देवाचे आभार मानले.

"बाटलीत पाणी निर्जंतुक असतं, डब्यात नाही," स्नेहल म्हणाली. "पहिला जंतू कुठल्या पेशंटचा, ते आता कळणार नाही. औषधांच्या माऱ्यातून तरलेले जंतू आयसीयूत असतात. त्यांना कधीच पूर्ण रिकामा न होणारा डबा मिळाला आणि तिथून कापसाचा बोळा त्यांना थेट तोंडात घेऊन गेला." तिनं लिफाफा पुढं सरकवला. "डब्यातल्या पाण्याचा रिपोर्ट. तोच जंतू. छगनरावांच्या रिपोर्टशी ओळन् ओळ जुळतो, चालणारं औषधही तेच एक."

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग सुमैराला दिलेल्या पत्राची आपल्याकडची प्रत काढली आणि फाडून टोपलीत टाकली. "सिस्टर, मी चुकलो," ते म्हणाले. "कौन्सिलकडं काही जाणार नाही. नातेवाइकांना खरं काय ते मी स्वतः सांगतो." सुमैरानं मान हलवली. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलावा तसा तिनं मोठा श्वास घेतला, आणि मग तिला रडू आलं.

झुंबरबाईचा चेहरा मात्र उतरला होता. "म्हंजी मी त्यास्नी मारायला निगाले हुते व्हय?" ती उठली. "उद्यापासनं न्हाई येत मी."

"मावशी, बसा," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर तुम्हाला 'टाका' एवढंच सांगितलं. का टाकायचं, ते कुणी सांगितलं नाही. ती चूक आमची. उद्या चार्टवर तुमचं नाव चढेल, आणि सिस्टरांबरोबर शिकायलाही बसाल."

तेवढ्यात एक सिस्टर दारातून डोकावली. "सर, चार नंबरची नळी दुपारी काढली ना, ते आता बोलतायत. आवाज घोगरा आहे, पण सारखं एकच विचारतायत, कांद्याचा भाव सांगणारी बाई कुठं गेली?"

झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला. "न्हाई. मी न्हाई जायाची त्यांच्याजवळ."

सुमैरानं डोळे पुसले आणि तिचा हात धरून तिला बेसिनपाशी नेलं. नळ पूर्ण सोडला, साबण दिला. "मावशी, मी सावकाश चाळीस मोजते. तोवर थांबायचं नाही."

पाणी धो धो वाहत होतं. झुंबरबाईचा हात सवयीनं दोनदा नळाकडे गेला आणि दोनदा मागे आला. अंगद दारात उभे होते. नळापाशी एवढा वेळ उभी राहिलेली ही बाई जन्मात पहिल्यांदाच एवढं पाणी सांडत असेल, हे त्यांना उमगलं, आणि त्यांनी उगाच चष्मा पुसायला काढला.

चाळीस झाले. हात कोरडे करून, गाऊन घालून झुंबरबाई चार नंबरच्या कॉटपाशी गेली. छगनरावांनी डोळे उघडले.

"आज भाव जरा उतरलाय," ती म्हणाली, "पर वारं पडलंया."