आचलचा डावा कान

तक्रार

"मी हात उचलला नाही," मोहिनी मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

लक्ष्मणरावांनी मान डोलावली. पस्तीस वर्षांच्या हवालदारकीत हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की ते कधी खरंही असतं हेच ते विसरले होते.

निवृत्तीनंतर ते ज्यांचे मदतनीस झाले होते, त्या वर्ध्यातल्या खासगी गुप्तहेर माधवी ताकसांडे हातातला कागद वाचत होत्या. देवळीजवळच्या शाळेतली नववीतली आचल. मॅडमनी थोबाडीत मारली आणि डावा कान गेला, अशी तिच्या वडिलांची तक्रार. मॅडम निलंबित. उद्या चौकशी, नोकरी राहते की जाते, ते उद्याच ठरणार.

कागदावर श्रवण-तपासणीचा आलेख होता. उजवा कान चोख. डावा, सर्वांत मोठ्या आवाजालाही शून्य.

"कान तर गेलाच आहे," लक्ष्मणराव म्हणाले.

"हूं." गुप्तहेर होण्याआधी सहा वर्षं माधवीताईंनी असेच आलेख काढले होते.

घरची माहिती

"माह्या पोरीचा कान गेला, अन् तुमी मलेच इचारून राह्यले?" चंद्रभान उसळला.

"मॅडममुळं तुमचं शाळा समितीचं अध्यक्षपद गेलं ना?" लक्ष्मणरावांनी खडा टाकला.

"गेलं तं गेलं! तरी मॅडमनं नागपूरच्या वसतिगृहाचा फॉर्म भरला, तं मीच सही केली. सोमवारी डाक्टरी तपासणी होती. आता कोण घेते तिले?"

"मॅडमनी मारलं, हे आचल म्हणाली?"

"कोनं मारलं इचारलं, तं चूप. मॅडमनं का म्हटलं, तं मान खाली. अजून काय पाह्यजे?"

आत कुकरची शिट्टी झाली. शेजारीच तूर निवडत बसलेल्या आचलच्या आईनं, रुख्मिणीबाईंनी, मानही वर केली नाही. आचल उठली, गॅस बंद केला, बोटांनी आईला काहीतरी सांगितलं. आई हसली.

"जन्मापासून दोन्ही कानानं ठार," चंद्रभान म्हणाला. "तिचं सारं आचलच पाह्यते."

माधवीताई पोरीजवळ बसल्या. "डाव्यानं काहीच नाही येत ऐकू?"

"काहीच नाई."

"वसतिगृहात जायचं होतं?"

आचलनं आईकडं पाहिलं. "बाबाले पाठवाचं होतं."

तपासणी

दवाखान्यात आलेख काढणारा ऋतिक चंद्रभानच्याच गावचा निघाला. लक्ष्मणरावांना एकदम हुरूप आला.

"गावचा हाय म्हणून खोटं लिहीन का, काका? दोनदा तपासलं. डाव्या हेडफोनमधी इतका मोठा आवाज सोडला, का मले बाहेर आयकू येत होता. पोरगी दगडावानी."

"तेव्हा उजव्या कानात खरखर सोडली होती?" माधवीताईंनी विचारलं.

ऋतिक ओशाळला. "नाई, ताई. लई गर्दी होती. उजवा मोकळाच ठेवला."

माधवीताई पहिल्यांदा हसल्या. "लक्ष्मणराव, मॅडमना इथंच बोलवा. आचललाही, घरच्यांसकट."

निदान

मोहिनी मॅडम आधी पोचल्या. माधवीताईंनी दार लावून घेतलं.

"एक कान ठार गेला आणि दुसरा चांगला असला, तर मेलेल्या कानातला मोठा आवाज कवटीतून पलीकडं जातो. चांगला कान तो ऐकतो. म्हणून त्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. इथं तो मोकळा होता. आवाज मोठा झाल्यावर आचलनं हातातलं 'ऐकू आलं'चं बटण दाबायलाच हवं होतं."

ऋतिकनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे यानंच खोटं लिहिलं!" लक्ष्मणराव म्हणाले.

"त्यानं लिहिलं असतं, तर पुस्तकातल्यासारखं लिहिलं असतं. आवाज निम्म्याच्या पुढं वाढल्यावर उजव्या कानानं दिलेला प्रतिसाद दाखवला असता."

"मग बाप. अध्यक्षपदाचा राग."

"त्याला पोरगी नागपूरला पाठवायची होती. सोमवारच्या तपासणीआधी तो तिला बहिरी कशाला करेल? जायचं नव्हतं ते आचलला. ती गेली, तर आईचा कान कोण? बहिरेपण तिनं जन्मापासून पाहिलं, पण आईचं. दोन्ही कानांचं. आई कशालाच दाद देत नाही, तशीच ती बसून राहिली. एक कान गेलेला माणूस असा नसतो, हे तिला कुठून कळणार? मॅडमचं नाव बापानं सुचवलं. तिला नाही म्हणवलं नाही."

"मग सगळ्यांसमोर सांगा!" मॅडमचा आवाज चिरकला. "माझी नोकरी चालली आहे."

"खोटारडी म्हटलं, तर ती तिथंच घट्ट बसेल. आधी तिला परतीची वाट देऊ."

उपचार

"असा बंद झालेला कान उघडतो कधीकधी," हेडफोन चढवताना माधवीताई आचलला म्हणाल्या. "आईसाठी वसतिगृह नको, हे तुझ्या बाबांशी मी बोलेन. पण मॅडमची नोकरी तुझ्या हातात आहे. ऐकू आलं की दाब."

लक्ष्मणराव काचेतून पाहत होते. एक मिनिट. दोन.

बटणाचा दिवा लागला. मग अगदी हळू आवाजालाही लागला.

बाहेर येऊन आचल बापासमोर उभी राहिली. "मॅडमनं नाई मारलं. कोनीच नाई. मले आईले सोडून नाई जाचं, बाबा."

चंद्रभानचा चेहरा आधी लाल झाला, मग नुसताच पडला. मॅडमकडं न बघता त्यानं चौकशी अधिकाऱ्याला फोन लावला. "साहेब, तक्रार मागं घेतो. माहीच चूक झाली."

रुख्मिणीबाईंनी पोरीची बाही ओढली. काय झालं?

आचलनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "तुमी सांगा, बाबा. मी नाई सांगत."

चंद्रभाननं हात वर केले. पोरीकडं बोट दाखवलं. कानाला हात लावला. मॅडमकडं वळला आणि तिथंच अडकला; पुढची खूण त्याला येत नव्हती.

रुख्मिणीबाईंनी त्याला हाताला धरून बाकावर बसवलं, समोर बसल्या, आणि त्याच्या बोटांकडं बघत राहिल्या.