मधुबंद धायटी

शिंजिराने चौथ्या फुलात बाकदार चोच घातली, बाहेर काढली आणि चिडून ओरडत तो उडून गेला. टेकडीवरच्या बंगल्यांच्या कुंपणाला ही धायटी बारा महिने लालभडक फुललेली असे.

"चोखून बघा," वेणूबाई मुलांना म्हणाल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी रविवारचा रानातला तास त्यांनी सोडला नव्हता.

इराने फूल ओढून देठाकडून चोखलं आणि तोंड वाकडं केलं. "बाई, कागद चघळल्यासारखं लागतंय!"

"फार हुशार माणसांचं काम आहे, बाळ. मुंग्या नकोत म्हणून त्यांनी पाखरांचं जेवणच बंद केलं."

झाडाच्या जनुकांत मध तयार करण्याची सूचना असते. तेवढीच कातरून हे 'मधुबंद' वाण केलेलं. कातरणारा अद्वैत सोंडकर वेणूबाईंचाच विद्यार्थी. बाई मुलांना घेऊन शाळेमागे पोचल्या, तेव्हा तो करवत आणि दोन माणसं घेऊन आधीच आला होता. मधाची धायटी आता तिथे एकच उरली होती.

"बाई, पाखरं हिचे परागकण आमच्या झाडांवर नेतात. मग बियांतून मध परत येतो. वाण बिघडतं."

"गोड झालं म्हणजे बिघडलं! हिच्याच फुलांसाठी दोनदा गुडघे फोडून घेतले होतेस ना रे?"

अद्वैतने माणसांकडे चोरून पाहिलं. "पाखरांसाठी साखरपाण्याच्या बाटल्या लावणार आहोत. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आहे."

"वा! शिंजिराला घटकेघटकेला खायला लागतं. तोवर त्याला आराखडा वाचून दाखव."

माणसं हसली. अद्वैत लाल झाला. "आज तोडावंच लागेल, बाई."

"तोड. माझा तास संपल्यावर."

त्यांच्या तासाला मध्येच उठायची त्याची आजही छाती नव्हती. तो दगडावर बसला.

बाईंनी वाळकी बोंडं मुलांच्या तळहातांवर झटकली. तपकिरी भुकटी पडली. "ही बी. मातीत पुरायची नाही, पुरली तर उगवत नाही. ओल्या मातीवर नुसती टेकवायची. हिला उजेड लागतो."

"शंभरातलं एखादं जगेल," अद्वैत पुटपुटला.

"तुझ्या वर्गातही तेच प्रमाण होतं."

करवत सुरू झाली तेव्हा मुलं मुठी घट्ट मिटून घराकडे निघाली होती. वेणूबाई वळून न बघता त्यांच्या मागे चालल्या.

"बाई, फुलं कधी येतील?" इराने विचारलं.

"दोन-तीन वर्षांनी. काही गोड निघतील, काही या कुंपणावरच्यांसारखी कोरडी. प्रत्येक चोखून बघायचं."

इरा मान वर करून कुंपणाकडे पाहत राहिली. शिंजीर परत आला होता. या वेळी तो लाल फुलांवर बसलाच नाही. वरच्या तारेवर थांबला आणि निघून गेला.

"बाई," तिने हळूच विचारलं, "आपली खरी फुलं येतील तेव्हा हा त्यांच्यावर विश्वास ठेवेल का?"