ओसरीवरचा नमस्कार

संघदीप खोब्रागडेने अर्पिताला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या मांडीवर बारा पतंग मरून पडले होते.

आर्णीहून दारव्ह्याला निघालेली काळी-पिवळी जीप. नऊ जणांच्या जागेत सतरा जण, त्यामुळे ओळख नसतानाही जवळीक बरीच होती. तिने मांडीवर कामगंध सापळा धरला होता. कापसात लावतात तो. वर मादीच्या वासाची गोळी, खाली प्लास्टिकची पिशवी. नर पतंग प्रेमापोटी येतो आणि पिशवीत राहतो. साल २०१७, गुलाबी बोंडअळीचं. जिल्ह्यात त्या वर्षी यशस्वी प्रेमप्रकरणं तेवढी या पतंगांचीच झाली, तीही सापळ्याबाहेरच्यांची.

"इतके?" संघदीपने विचारलं.

"रोजचे," ती म्हणाली, आणि मग अर्धा रस्ता तीच बोलत राहिली. सलग तीन दिवस आठाच्या वर पतंग सापडले की फवारणी करायची. आकडा मेसेजने कळवला की दारव्ह्याच्या कुठल्याशा ऑफिसातून सल्ला येतो. तिच्या बाबांनी, पुंडलिकरावांनी, चार दिवस इमानेइतबारे आकडे पाठवले. चारही दिवस उत्तर आलं : 'नमस्कार. पतंग शून्य. काळजी नसावी.' ती स्वतः कॉम्प्युटर इंजिनियर, पुण्याची नोकरी सोडून घरी आलेली. त्यामुळे ही उत्तरं पाठवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या अकलेबद्दल तिचं मत तांत्रिक होतं, आणि ते तिने सगळ्या जीपला ऐकवलं.

"बाबा त्याले शोधून राह्यले," ती शेवटी म्हणाली. "सापडला का पाहतोच म्हणे."

प्रोग्राम लिहिणारा संघदीप होता. त्याने खिडकीबाहेरच्या तुरीकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहिलं. दारव्ह्याला उतरून ती त्याच ऑफिसचा पत्ता विचारत निघाली. तो तिच्यापुढे दहा पावलं. कृषी केंद्रावरच्या त्या ऑफिसचा जिना दोघांनी पाठोपाठ चढला, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"मी..." तो म्हणाला. "पाणी घेता का?"

दोष तिला दुपारपर्यंत सापडला. संघदीपने सगळा प्रोग्राम एकाच फाइलमध्ये लिहिला होता, चार हजार ओळींचा. मेसेज घेणं, आकडा वाचणं, फवारणीचा नियम, साठवण, उत्तर, सगळं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. मागच्या आठवड्यात त्याने उत्तराच्या सुरुवातीला 'नमस्कार' घातला आणि त्या धक्क्याने पतंगांची मोजणी बंद पडली.

"नमस्काराचा अन् पतंगाचा काय संबंध?"

"संबंध नाही," संघदीप म्हणाला. "पण शेजारी राह्यतात."

तिला हसायचं नव्हतं. हसली. ऑफिसचे मालक प्रेमसिंग यांनी ते हसू पाहिलं, दुरुस्तीही पाहिली आणि संध्याकाळपर्यंत तिला नोकरी देऊन टाकली.

मग महिनाभर प्रोग्राम सोडवून त्याचे वेगवेगळे थर लावणं चाललं. समजवायला तिने बियाण्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर एक घर काढलं. मेसेज ओसरीवर येणार. माजघर काम ठरवणार. आठ पतंगांचा नियम अगदी आत, चुलीजवळ. बाहेर कोण आलं-गेलं हे त्याला कळायचंही कारण नाही. मागे कोठी, म्हणजे साठवण. तिथे माजघरानेच जायचं.

"ओसरीवरच्या माणसानं थेट कोठीत हात घालाचा नाही," ती म्हणाली. त्या क्षणी त्याचा हात तिच्या डब्यात होता.

तेव्हापासून तो विचारू लागला. "माजघराले म्हणा, ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी शिल्लक आहे का?"

"माजघर जेवून राह्यलं. थांब."

तो थांबायचा. असं थांबणं त्याला फार आवडायला लागलं होतं... 'नमस्कार' मात्र तिने काढला नाही. ओसरीवर ठेवला, तिथे कोणाला त्रास नव्हता. आणि तिने तपासायची रीतही शिकवली. खरी कोठी जोडण्याआधी तिच्यासारखंच बोलणारी एक नकली कोठी ठेवायची, तिच्यावर सगळं पारखून घ्यायचं.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी तिने डबा उघडलाच नाही. रविवारी अमरावतीचं स्थळ येणार होतं आणि तोवर बाबांना नाही म्हणायचं होतं.

"माझा बाप हो," ती म्हणाली. "दहा मिनिटं. नकली. खऱ्याशी बोलाच्या आधी तपासून घेते."

संघदीपने गळ्यात मफलर टाकला, घसा खाकरला. प्रेमसिंगांचा फोन केव्हाच कटला होता, तरी ते कानाला लावून बसले.

"अमरावतीवाले नको म्हणते. काहून?"

"मले दुसरा आवडते, बाबा."

नकली बापाने मफलर गळ्याशी आवळला. खऱ्यानेही आवळला असता, त्यामुळे अभिनय उत्तम वठला.

"कोण?"

"ऑफिसातला."

ऑफिसात माणसं तीन. त्यांतल्या प्रेमसिंगांना दोन नातू. तरीही ही बेरीज करायला संघदीपला अर्धं मिनिट लागलं. पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून हळू आला, कारण खरा बाप तोच विचारणार हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"आडनाव?"

"खोब्रागडे."

हे आडनाव त्याने शाळेच्या हजेरीत ऐकलं होतं. भाड्याची खोली शोधताना ते सांगितल्यावर खोल्या भरलेल्या निघायच्या. इतकं सरळ, डोळ्यांत पाहून, कोणी उच्चारलं नव्हतं.

"लोक..." तो म्हणाला. "गावातले लोक..."

"लोक ओसरीवर बसतीन. माझं आत ठरलं आहे."

"अन् अळी त्यानंच लपवली होती."

"तेही सांगीन."

"अर्पिता... हे बाप विचारून राह्यला का मी, मलेच समजत नाही."

"थर मिसळू नको. बापाचं झालं. आता तुझं सांग."

त्याने मफलर काढला. "त्या दिवशी जीपमध्ये पतंग बारा नव्हते," तो म्हणाला. "तेरा होते."

ती डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिली. कान मात्र लाल झाले होते. प्रेमसिंगांनी बंद फोनमध्ये कोणाचं तरी अभिनंदन केलं.

रविवार काही केल्या संपेना. त्याने तीनदा फोन हातात घेतला, तीनदा खाली ठेवला. सोमवारी जीपमध्ये ती शेजारी येऊन बसली, मांडीवर डबा.

"शनिवारी रात्रीच सांगितलं. आपण तपासलेला प्रश्न बाबांनी आधी विचारलाच नाही," ती म्हणाली. "म्हणे, नमस्कारवाला तोच का?"

"मग संपलोच मी."

"म्हणे, चुकला, पण नमस्कार करून चुकला. बाकीचे तर इतके वर्षं नमस्कारही न करता चुकून राह्यले."

संघदीपने श्वास सोडला, मग पुन्हा धरला. "अन् आडनाव?"

"सांगितलं. उठले, बैलाले पाणी दाखवून आले. फार वेळ दाखवलं पाणी." ती थांबली. "मग म्हणे, अमरावतीले फोन मी करतो. तुळसाआत्याले तूच सांग."

"आत्याचं तपासून घेऊ का? मी होतो आत्या."

"तिची नक्कल बनतच नाही. थेट खरीशीच बोला लागते."

डबा दोन पुडांचा होता. वरचा तिचा; खालचा आईने भरून दिला होता, कोणासाठी ते न सांगता. त्याचा हात पुढे गेला आणि झाकणावर थांबला.

"उघडू?"

"आधी नमस्कार कर," ती म्हणाली.